आधी घड्याळ, मग नकाशा

सोलापूर,
५ नोव्हेंबर

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

लोकांच्या आवडीनिवडी बघून सहली आखून द्यायचं तू मनावर घेतलंस आणि पहिलंच कुटुंब सोलापूरकडे पाठवतोयस, हे वाचून फार बरं वाटलं. तू जोडलेला कागद नीट वाचला. चार माणसं, चार दिवस, १२ ते १५ जानेवारी, आणि आवडीच्या रकान्यात एकच शब्द: इतिहास. त्याखाली सोलापूर, नळदुर्ग, तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, विजयपूर अशी सहा नावं. सुधा, ही यादी कुठल्याही गाडीवाल्याकडे छापील मिळते. माणसांची आवड तिच्यात कुठेच दिसत नाही.

‘इतिहास आवडतो’ या उत्तरावर थांबायचं नाही. फोन करून सावकाश विचारायचं. गेल्या वर्षभरात या आवडीपायी तुम्ही काय केलंत? काय वाचलंत, काय विकत घेतलंत, कुठे मुद्दाम गेलात? एका जागी न कंटाळता किती वेळ थांबता? मागच्या सहलीत कुठे कंटाळा आला? सोबतच्यांपैकी ही आवड कुणाला मुळीच नाही? शेवटी गुडघे, पायऱ्या, ऊन, औषधं, पथ्य. प्रत्येकाशी वेगळं बोलायचं, कारण घरातला एक जण सगळ्यांच्या वतीने उत्तरं देतो आणि तिथेच सहल बिघडते. तू फोनवर चौकशी केलीस तेव्हा हेच बाहेर आलं ना? गृहस्थ शिलालेख वाचतात, बाईंना विणकामाची ओढ, मुलगा कॅमेरा घेऊन पक्ष्यांमागे, आणि आजींचे गुडघे दुखतात. ‘इतिहास’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या सहली दडल्या होत्या.

आता मुख्य गोष्ट. ठिकाण वर्षभर जागेवर असतं, पण आवडीच्या माणसाला हवी असलेली गोष्ट तिथे ठरावीक वेळीच जिवंत असते. माग चालू असताना, हुरडा दुधात असताना, काळवीट चरत असताना, अक्षरांवर तिरपा उजेड असताना. म्हणून आधी घड्याळ आणि पंचांग, मग नकाशा. रोज माणशी अशी एकच वेळ धरायची. मी तिला खुंटी म्हणतो. बाकीचा दिवस त्या खुंटीला टांगायचा. एकाच माणसासाठी एका दिवशी दोन खुंट्या ठोकल्या की दोन्ही ढिल्या होतात.

या हिशेबाने तुझ्या तारखाच आधी बदलाव्या लागतील. मकर संक्रांतीच्या आसपास इथे सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, मग अक्षता सोहळा. लोकपरंपरेची ओढ असणाऱ्यासाठी वर्षातले हेच दिवस, आणि त्याने फक्त यासाठीच यावं. तुझ्या पाहुण्यांना मात्र भरलेली लॉज, बंद रस्ते आणि मिरवणुकीत अडकलेली गाडी मिळेल. जानेवारीचा शेवटचा आठवडा धर. २६ तारीख टाळ, सुट्टी असते. पंचांगात माघी एकादशीही बघून घे, कारण त्या सुमारास पंढरपूरच्या रस्त्यांना गर्दी असते. वारांचंही भान ठेव. अक्कलकोटला गुरुवारी, तुळजापूरला मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला रांगा लांबतात. दर्शन हाच हेतू असेल तर प्रश्न नाही, पण अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार निवांत बघायचं असेल तर गुरुवार सोड.

यादीतलं नळदुर्ग या वेळी काढून टाक. मन घट्ट करूनच सांगतोय, कारण किल्ला अप्रतिम आहे. बोरी नदीवरचा बांध आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली बांधला. पण पाहुणे फोटोत बघून येतात ते नर-मादी धबधबे पावसाळ्यात नदी भरल्यावरच कोसळतात. जानेवारीत कोरडी भिंत बघून ते मनात खट्टू होतील आणि किल्ल्याचं खरं कौतुक राहून जाईल. उद्या रेल्वेवेडे पाहुणे आले तर त्यांच्याही बाबतीत हेच जप. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, रुळांची रुंदी अडीच फूट. या छंदातली माणसं ते वाचून येतात. आज त्या मार्गावर ब्रॉडगेज गाड्या धावतात. जे उरलेलं नाही ते आधीच स्पष्ट सांगावं.

विजयपूरही वगळ. शंभरेक किलोमीटर जाणं, तितकंच येणं, आणि गोल घुमटाचा कुजबुजता सज्जा म्हणजे कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्याच्या अरुंद जिन्याने चढणं. आजींना ते जमणार नाही. शिवाय तिथला प्रतिध्वनी अनुभवायचा तर दार उघडताच आत शिरावं लागतं; शाळांच्या सहली आल्या की नुसता कल्लोळ. त्यासाठी आदल्या रात्री विजयपुरात मुक्काम हवा. ती वेगळी सहल, ती वास्तुकलेची आवड असणाऱ्यांना दे. तेव्हा गाडीला दुसऱ्या राज्यात जायचं परमिट आहे का हे बुकिंग करतानाच विचार, नाहीतर सीमेवर तास जातो आणि वर पैसे.

गृहस्थांची खुंटी हत्तरसंग कुडल. सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटर, भीमा आणि सीना यांचा संगम. संगमेश्वर मंदिरातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे; मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. ‘वाछि तो विजेया होईवा’, जो वाचील तो विजयी होईल. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरात ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. आता हे नीट ऐक. हा लेख समोरून टॉर्च मारून दिसत नाही. समोरच्या उजेडात खाचांची सावलीच पडत नाही आणि अक्षरं दगडात विरून जातात. टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवल्यासारखा बाजूने धरायचा, मग उलट बाजूने, मग खालून, आणि प्रत्येक कोनातून एक फोटो. फोटोत पट्टी किंवा निदान पेन तरी ठेवायचं, म्हणजे अक्षराची उंची कळते. छोटी दुर्बीण सोबत असू दे. लेखाचं छापील वाचन आदल्या रात्री गृहस्थांच्या हाती दे. आधी स्वतः वाचून मग ताडून बघण्यात त्यांना खरा आनंद आहे. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल किंवा पाणी लावायची खोड काही हौशी लोकांना असते. दगड कायमचा खराब होतो. हे त्यांना आधीच, नम्रपणे पण ठाम सांग. ठसा घ्यायचा झाला तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. देऊळ पूजेतलं आहे, म्हणून पुजाऱ्यांशी आधी बोलून ठेवायचं.

पाहुण्यांनी सकाळी साडेसहाला निघावं. नकाशा तासभर दाखवेल, तू दीड तास धर. माझा ठोकताळा असा: नकाशावरच्या वेळेच्या दीडपट साध्या प्रवाशाला, दुप्पट कॅमेरेवाल्याला. जागेवर किमान तीन तास. आजींसाठी घडीची खुर्ची गाडीत टाक आणि संगमाकाठी सावलीत बसव. स्वच्छतागृहाची सोय कुठल्या हॉटेलात आहे ते वाटेतच हेरून ठेव. बेत मोडतात ते बहुतेक वेळा याच कारणाने, आणि संकोचापोटी कुणी बोलत नाही. जेवण बांधून न्यायचं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिवसभर टिकते. आजींसाठी मात्र मऊ भाकरी वेगळी, कारण कडक भाकरी दातांना झेपणार नाही.

बाईंच्या मागाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे चुका फार होतात. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोघांनाही २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून लोक दुकान दाखवून मोकळे होतात. विणकामाची ओढ असलेल्या बाईंना दुकानात अर्धा तास पुरे. त्यांना कारखाना हवा, आणि त्याआधी हातमाग. क्रम उलटा केला तर यंत्रमागाच्या वेगात काहीच कळत नाही. शहराच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांची वस्ती आहे, घरांत तेलुगू बोलतात. तिथला एखादा हातमागवाला गाठ. एक तास बाईंना स्वतः बसू दे. पायाखालची पावडी दाबली की ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उघडतात, मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो, फणीने तो बाण्याचा (आडवा) धागा ठोकला जातो. नवख्याच्या हातून कड वाकडी येते, कारण धोटा फेकताना दर वेळी धागा कमीजास्त ओढला जातो. हे हाताला कळलं की मग यंत्रमाग बघण्यात अर्थ. तिथे चादरीच्या जकार्डवर, म्हणजे नक्षी उठवणाऱ्या यंत्रावर, नक्षीचे भोकं पाडलेले पत्ते फिरत असतील तर त्यांच्यापाशी थांबवायचं: भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो. टॉवेलच्या मागावर दोन ताणे असतात, एक घट्ट आणि एक सैल. दोन बाणे थोडे अलीकडे थांबतात, तिसऱ्याला फणी पूर्ण ठोकते, आणि सैल ताण्याचे फासे उभे राहतात. टॉवेलची लव ती हीच.

मागाजवळ बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून सगळं समजावणं आधी बाहेर, हातात कापडाचा तुकडा घेऊन. आत फक्त बोट दाखवायचं. कानात कापूस, पदर आणि ओढणी खोचलेली, केस बांधलेले, पायांत बंद बूट. कारागीर नगावर मजुरी घेतो. त्याचा माग आपल्यासाठी थांबला तर त्याचं नुकसान होतं, ते भरून द्यायचं, आणि रक्कम आधी ठरवायची. फोटोला परवानगी विचारायची; नवी नक्षी चोरीला जाण्याची धास्ती मालकांना असते. साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी आणि वीज कधी जाते, हे त्याच कारखान्याला विचार. दोन दिवस आधी एक फोन, आदल्या संध्याकाळी दुसरा. दुसरा फोन चुकवू नकोस. बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, संपला असेल तर नवा चढेपर्यंत माग बंदच असतो.

मुलाची खुंटी बाईंच्या मागाच्याच दिवशी पहाटे, वेगळ्या गाडीने, नान्नजला. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली राखलेलं अभयारण्य, इथून वीसेक किलोमीटर. माळढोक दिसेल असं चुकूनही लिहू नकोस. तो आता इतका दुर्मीळ झालाय की त्याचं नाव घालणं म्हणजे फसवणूक. काळवीट, धाविक, चंडोल, थंडीत येणारे भोवत्या (शिकारी पक्षी) आणि नशिबात असेल तर लांडगा, असं लिही. वनखात्याची परवानगी आधी, स्थानिक वाटाड्या सोबत. गाडीतून उतरायचं नाही. जनावर गाडीला फारसं बुजत नाही, माणूस उभा दिसला की पळतं. खिडकीवर तांदळाची पिशवी ठेवून तीवर लेन्स टेकवायची. साडेनऊनंतर जमीन तापते, हवा थरथरायला लागते आणि लांबचे फोटो धूसर येतात. तेव्हा परतायचं, कितीही मोह झाला तरी. रोहित पक्षी हवे असतील तर ते भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. पण ते पुण्याच्या वाटेवर दीडशे किलोमीटर आहे, परतीचा रस्ता तिकडून असेल तरच.

चौघांना एकत्र आणणारी गोष्ट हुरडा. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला, शेतावर, आगटीभोवती. आजींना यातलं सगळं कळतं, त्या दिवशी बोलायची पाळी त्यांची. एका रानातला हुरडा आठ-दहा दिवसच चांगला असतो, मग दाणा निब्बर होतो. शेतकऱ्याला ‘हुरडा आहे का’ असं विचारू नकोस, तो हो म्हणणारच. ‘दाणा दाबल्यावर दूध येतंय का, आणि पुढचं रान कधी धरेल’ असं विचार. ज्वारी सुरती किंवा गूळभेंडी जातीची असेल तर उत्तम. सोबत लसणाची चटणी, दही, गूळ. आणि पोटभर खाल्ल्यावर रात्रीचं जेवण सांगू नकोस, ताक पुरे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी फक्त भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव, दोन्ही लगत आहेत. चौथा दिवस दुपारपर्यंत कोरा ठेव. तुला तो वाया गेल्यासारखा वाटेल आणि हात शिवशिवतील, पण गृहस्थांना कुडलला पुन्हा जावंसं वाटलं तर ती जागा लागेल.

खर्चाचा कागद वेगळा कर: गाडी, चालकाचा भत्ता, जाणकाराचं मानधन, कारागिराची भरपाई, परवानग्या, जेवण, आणि वर दहा टक्के अडीअडचणीला. गाडीवाला ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ म्हणाला तर कुडलचं जाणं-येणंच त्यात संपतं. पुढचा दर किलोमीटरचा भाव लिहून घे. जाणकाराचं मानधन पाकिटात, पहिल्या भेटीतच. तुझा मोबदला पाहुण्यांना उघड दाखव, दुकानांकडून कमिशन घेऊ नकोस. एकदा घेतलंस की बाईंना कुठल्या मागावर न्यायचं हे तू ठरवणार नाहीस, दुकानदार ठरवेल.

आता मला तीन गोष्टी कळव: गृहस्थ देवनागरीच वाचतात की हळेकन्नड, म्हणजे जुनी कन्नडही, मुलाची लेन्स किती मिलिमीटरची आहे, आणि आजी सलग किती पायऱ्या चढू शकतात. महिनाअखेरपर्यंत कळलं तर मागवाल्याशी आणि हुरड्याच्या शेतकऱ्याशी मी इथून बोलून ठेवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मधू