बाजाराच्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आमच्या गावात बसवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिव्यांग शिबिरात साहित्य वाटल्याचे फोटो पेपरात नेहमी येतात. दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका फोटोत माझा नातू आहे, सुनेच्या कडेवर, हातात नवं कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा बूट. त्या कॅलिपरचं पुढं काय झालं, ते कळवायला हे पत्र लिहिते आहे.

माप घेतलं पावसाळ्याच्या तोंडाला, कॅलिपर हाती आलं पुढच्या उन्हाळ्यात. चार वर्षांचं लेकरू. तेवढ्यात पाय बोटभर वाढला. बूट घालायला गेलो तर अंगठा आत दुमडायचा आणि पोटरीचा पट्टा भलत्याच जागी बसून दहा मिनिटांत कातडी लाल व्हायची. बदलून मिळेल का विचारलं, तर 'पुढच्या शिबिरात नाव द्या' म्हणाले. ते कॅलिपर अजून आमच्या घरात खुंटीला टांगलेलं आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात 22 वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. नातू पाच महिन्यांचा झाला तरी मान धरत नव्हता, हे घरात सगळ्यात आधी माझ्याच ध्यानात आलं. दुसऱ्याचं लेकरू असतं तर मी त्याच दिवशी आईला दवाखान्यात पाठवलं असतं. घरात मात्र 'दिवस भरायच्या आधी झालेलं पोर आहे, धरेल उशिरा' असं सगळे म्हणाले आणि मीही गप्प बसले. त्यात चार महिने गेले. याची बोच मला आजही आहे. मेंदू सगळ्यात जास्त घडतो तो याच पहिल्या दोन-तीन वर्षांत, हे मी दुसऱ्यांना सांगत आले होते.

निदान झालं सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूला इजा होऊन हातापायांच्या हालचालीवर ताबा न राहण्याचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, लेकरं तपासतं, चिठ्ठी देतं. चिठ्ठी मिळते, मी स्वतः कितीतरी मिळवून दिल्या. पण ती जिल्ह्याच्या ठिकाणच्या दवाखान्याची असते. तिथं जायला आम्हाला काळीपिवळी, मग एस.टी., मग स्टँडवरून ऑटो. एस.टी.त दिव्यांगाला सवलत आहे, काळीपिवळीत आणि ऑटोत नाही. अर्ध्या तासाच्या व्यायामासाठी सुनेचा दिवस जातो, मजुरी बुडते. कापूस वेचणीच्या दिवसांत कोण आठवड्याला जाईल? आम्ही दोन-तीन महिन्यांतून एकदा जायचो.

आता जे सांगते, ते मुद्दाम नीट वाचा. अशा बहुतेक पोरांचे स्नायू ताठ असतात. हाड वाढतं, ताठ स्नायू त्या मानानं लांबत नाही, म्हणून टाच वर ओढली जाते आणि पोर चवड्यावर येतं. त्यासाठी रोज पाय ताणून द्यावा लागतो. सून तो व्यायाम न चुकता करायची, सकाळी चूल पेटवायच्या आधी आणि रात्री निजताना, तीस अंक मोजून. पुढच्या खेपेला फिजिओथेरपिस्ट मॅडमनी तिला करून दाखवायला सांगितलं, तेव्हा कळलं की ती बोटांकडून पाऊल वर दाबत होती. टाच मुठीत धरून खाली ओढायची असते. नुसता चवडा दाबला तर पाऊल मधूनच वाकतं आणि टाच तशीच वर राहते. मॅडमनी सुनेचा हात धरून तो टाचेवर नेऊन ठेवला. दोन मिनिटांचं काम. पण त्याआधी अडीच महिने, दिवसातून दोनदा, त्या माउलीनं चुकीचा व्यायाम मन लावून केला होता. घरी आल्यावर ती जेवली नाही.

आठवड्याला कुणी पाहणारं असतं, तर ही चूक सात दिवसांच्या वर टिकली नसती. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतले, दिव्यांग मुलांना शिकवणारे विशेष शिक्षक घरी येतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्याकडे येणारे सर दुचाकीवर भर उन्हात गावोगाव फिरतात. त्यांनीच नातवाला ज्वारीच्या दाण्यांवर मोजायला शिकवलं. पण एका माणसाच्या वाट्याला किती शाळा! सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असं सांगितलं आहे. ते आमच्या खेड्यापर्यंत कधी पोचायचं? आणि सर शिकवतील, पण पाय ताणणं हे त्यांचं शिक्षण नाही. 2016 चा कायदा 6 ते 18 वयाच्या दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क देतो. पण बाकावर बसताच येत नसेल, तर त्या हक्काचं पोरानं काय करावं?

लोक भलं म्हणूनच सांगतात, 'वझ्झरला नेऊन ठेवा, नाही तर आनंदवनात.' वझ्झरला बेवारस दिव्यांग मुलांना सांभाळणाऱ्या शंकरबाबा पापळकरांचे उपकार कुणी विसरणार नाही. पण त्यांनी लेकरं जवळ केली ती टाकून दिलेली. आमच्या लेकराला घर आहे, आई आहे, आजी आहे. त्याला गाव सोडायला का लावायचं?

म्हणून मागणी एकच. आमच्या गावी शनिवारी आठवडी बाजार भरतो. आजूबाजूच्या पंधरा-वीस खेड्यांतून लोक येतात, त्या दिवशी गाड्याही असतात. त्याच दिवशी इथं एक फिजिओथेरपिस्ट आणि एक वाचा उपचार तज्ज्ञ दुपारी तीन तास बसवा. ऐकू न येणारी, न बोलणारी, सिकलसेल या रक्ताच्या आजारानं खुब्याचं हाड गेलेली, सगळी पोरं आईच्या बाजाराच्या पिशवीबरोबर येतील. महिन्यातून एका शनिवारी कॅलिपर दुरुस्त करणारा कारागीर पाठवा, म्हणजे पट्टा तिथंच सरकवून मिळेल. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचेच असतात. एकेका गावाचे ते पैसे थोडे असतात, म्हणून कुठं रोख वाटून टाकतात, कुठं तसेच पडून राहतात. वीस गावांनी एकत्र केले तर जाण्यायेण्याचा खर्च सहज निघेल. जिल्हा परिषदेनं नुसतं एक पत्रक काढायचं आहे.

जागेची अडचण सांगू नये. बाजाराला लागूनच माझी अंगणवाडी आहे. शनिवारी दुपारी ती रिकामी असते. सतरंजी आहे, पंखा आहे, प्यायला पाणी आहे, दारात पायरी नाही. किल्ली माझ्याजवळच असते.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
(जि. यवतमाळ)