निर्लेखनाच्या प्रस्तावात एक पान वाढवावे

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेचे निर्लेखन, म्हणजे इमारत सरकारी नोंदीतून कमी करून पाडणे, ठरले, की प्रस्तावात इमारतीचे वयोमान, मोडकळीस आलेला भाग आणि निघणाऱ्या कौला-लाकडांची किंमत येते. ती वास्तू कोणी, कोणाच्या जागेवर उभारली हे मात्र शोधूनही सापडत नाही. धोकादायक छपराखाली मुलांना बसवावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पाडण्यापूर्वी वास्तूची नोंद व्हावी, एवढीच मागणी आहे.

जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. त्यांच्या ताब्यातल्या कितीतरी शाळा त्याहून जुन्या, लोकल बोर्डाच्या (जिल्हा परिषदांआधीच्या स्थानिक संस्थेच्या) काळातल्या आहेत; म्हणजे वास्तूचे वय मालकापेक्षा जास्त आहे आणि मूळ कागद कोणत्या कार्यालयात राहिले, हे सांगणारे माणूस उरलेले नाही. मग इमारतीच्या इतिहासाचा पुरावा म्हणून उरते ती जोत्यावरची देणगीदाराची शिळा आणि कपाटातले जनरल रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही.

रजिस्टराचे मोल शासनाला नव्याने सांगायला नको. साताऱ्याच्या राजवाड्यात भरणाऱ्या शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव आहे. प्रवेशाची तारीख ७ नोव्हेंबर १९००, आणि तोच दिवस राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ते पान टिकले म्हणून हे शक्य झाले. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हाही शाळांची जुनी दप्तरे उघडावी लागली आणि मोडी वाचणाऱ्यांना शोधत फिरावे लागले. (एरवी त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हेही कोणी विचारत नाही.)

पुण्यातल्या ज्या भिडेवाड्यात १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली, तोही दीर्घ न्यायालयीन वादानंतर डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. एवढ्या नामांकित वास्तूची ही गत, तर आडगावच्या दोनखोली शाळेची दखल कोण घेणार?

म्हणून निर्लेखनाच्या प्रस्तावात वास्तूचा मोजमाप-नकाशा, आतून-बाहेरून काढलेली छायाचित्रे आणि गावातल्या जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलेली माहिती यांचे एक पान सक्तीचे करावे, शिळा नव्या इमारतीच्या भिंतीत बसवावी आणि रजिस्टरांची स्कॅन केलेली प्रत जिल्ह्याला ठेवावी. काम शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपवता येईल; फक्त ते पुन्हा मुख्याध्यापकांच्याच माथी मारू नये, ही विनंती.

आपला विश्वासू,
जिल्हा परिषद शाळेचा एक माजी विद्यार्थी