माणसे घरात असतानाची दुरुस्ती

व्हिएन्ना

ती. बाबा व ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

बाबा, विकासकाच्या माणसाने आणून दिलेल्या, आपल्या इमारतीच्या पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर सही करून मोकळे व्हा, असे मी मागच्या महिन्यात फोनवर म्हणालो होतो. ते मी मागे घेतो. तुम्ही दोघे या वयात टेकू लावलेल्या छताखाली झोपता, या काळजीपोटी मी घाई केली आणि त्या कागदात काय लिहिले आहे, हे नीट विचारलेही नाही.

मत बदलण्याचे कारण मी राहतो त्या इमारतीतच मिळाले. ओटाक्रिंग या जुन्या कामगार वस्तीतली ही इमारत पहिल्या महायुद्धाच्या आधीची आहे. आमच्या मजल्यावर जिन्याजवळ भिंतीला एक बिडाचे कुंड आणि वर पितळी नळ आहे. त्याला इथे बासेना म्हणतात. आता त्याला पाणी येत नाही, पण आठवण म्हणून तो ठेवला आहे. शेजारच्या आजी लग्न होऊन इथे आल्या तेव्हा सगळ्या मजल्याचे पाणी याच नळावर भरले जाई आणि संडास व्हरांड्याच्या टोकाला सामाईक होता. आई, त्या हे सांगत होत्या आणि मला गिरगावातली तुझी पहाटेची कळशी दिसत होती. 1917 सालच्या मोजणीत व्हिएन्नातील 95 टक्के घरांमध्ये आत नळ नव्हता आणि 92 टक्के घरांमध्ये संडास नव्हता.

पुढची गोष्टही आपल्यासारखीच आहे. त्याच युद्धाच्या काळात भाडेवाढीवर बंधन आले, भाडी नाममात्र राहिली आणि मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले. आपल्याकडे 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठली, इमारती खचत गेल्या आणि 1969 मध्ये दुरुस्तीसाठी उपकर म्हणजे खास कर घेण्याचा व ते काम पाहणारे मंडळ नेमण्याचा कायदा करावा लागला. त्यात मुंबईतील 19,642 इमारती आल्या. आपली त्यांतलीच एक.

व्हिएन्नाने मात्र 1970 च्या दशकात ठरवले की, जुन्या वस्त्या पाडायच्या नाहीत आणि दुरुस्तीसाठी भाडेकरूंना घालवायचेही नाही. ओटाक्रिंगमध्ये 1974 साली रहिवाशांना सल्ला देणारे पहिले कार्यालय उघडले आणि 1984 मध्ये शहराने त्यासाठी स्वतंत्र निधी उभारला. मालक अर्ज करतो, निधीचे तज्ज्ञ इमारत पाहतात आणि जिथे अवस्था अधिक वाईट, तिथे मदतीला प्राधान्य देतात. शहर स्वस्त कर्ज आणि अनुदान देते. त्या बदल्यात साधारण 15 वर्षे मालकाला ठरलेल्या मर्यादेबाहेर भाडे घेता येत नाही. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती कामाची पद्धत. छप्पर, जिना, नळ, बाहेरच्या भिंती, लिफ्ट ही सामाईक कामे लोक राहत असतानाच केली जातात आणि घराच्या आतले काम भाडेकरूच्या संमतीने किंवा घर रिकामे झाल्यावर होते. आजी काही महिने खालच्या मजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीत राहिल्या आणि मग आपल्याच घरी परतल्या. पूर्वीच्या कोठीच्या जागी आज त्यांचे न्हाणीघर आहे. यासाठी प्रत्येक नोकरदाराच्या पगारातून छोटी रक्कम कापली जाते आणि नोकरी देणारी कंपनीही तेवढीच भरते. माझ्या पगारपत्रकावर ती कपात दिसते तेव्हा मला बरे वाटते. भाड्याच्या मर्यादेची मुदत संपल्यावर नव्या भाडेकरूंना भाडे जड जाते, ही तक्रार इथेही आहे आणि ती खरी आहे.

आपली इमारत लाकडी सांगाड्याची आहे. इथली विटांची बांधकामे अधिक टिकाऊ. त्यामुळे आपलीही दुरुस्तीच व्हावी, असा हट्ट मी धरणार नाही. कदाचित ती पाडावीच लागेल. पण ते आधी अभियंत्याने पाहून लेखी सांगावे, विकासकाने नव्हे. दुरुस्ती शक्य नसेल तर नवे घर किती चौरस फुटांचे, बाहेर राहण्याच्या काळात दरमहा भाडे किती आणि परत येण्याची तारीख कोणती, या तिन्ही गोष्टी नोंदणीकृत करारात असल्याशिवाय सही करू नका. पलीकडच्या वाडीतले काका दोन वर्षांसाठी म्हणून संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरात गेले आणि तिथेच वारले. त्यांच्या हातात तारीख लिहिलेला एकही कागद नव्हता.

बाबा, संमतिपत्राच्या सगळ्या पानांचे फोटो मला पाठवा. मागची कोरी पानेसुद्धा. मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आहे. रहिवाशांची बैठक तोवर पुढे ढकलता आली तर मलाही बसता येईल.

आई, स्वयंपाकघरातल्या टेकूला तू कालनिर्णय आणि पिशव्या अडकवतेस, त्या काढून ठेव. त्याला काहीही बांधू नकोस. अभियंता येऊन पाहीपर्यंत दोघांनी बाहेरच्या खोलीतच झोपा.

तुमचा मुलगा