मंगल, अनिकेत सोमवारी येतोय

सुभाषनगर, नागपूर
रविवार, रात्री

प्रिय मंगल,

काल फोनवर तू किती सहज म्हणालीस, "पाठव नं त्याला चिवड्याची पाकिटं भरायला. नाही ऐकलं तर रागावीन, मावशीच आहे मी त्याची." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्याजवळ नुसती उभी होते. माझ्या बावीस वर्षांच्या मुलाला कुणी आपणहून काम देऊ केलं, ही पहिलीच वेळ. पण ते 'रागावीन' मनात अडकून बसलं, म्हणून लिहायला बसले. फोनवर मला हे सगळं बोलता आलं नसतं.

अनिकेत लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर मेट्रोची सगळी स्टेशनं न चुकता म्हणतो. तुझ्या घराच्या वास्तूला पंगतीत काय काय होतं तेही त्याला आठवतं. त्यामुळे तुला वाटतं, आणि तू एकदा बोललीसही, की समजतं त्याला सगळं, मुद्दाम करतो. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटायचं.

आंघोळीचं सांगते. "जा, आंघोळ करून ये" म्हटलं की तो लगेच उठायचा, टॉवेल घ्यायचा. दहा मिनिटांनी बघावं तर बादली भरून वाहतेय आणि हा मग हातात धरून उभा. अंग कोरडं. पाण्याच्या धारेवर नजर लागली की पुढे काय करायचं ते निसटून जायचं. आपण आंघोळ हे एकच काम समजतो. त्याच्यासाठी कपडे काढणं, पाणी घेणं, साबण, पुन्हा पाणी, पुसणं ही सुटी सुटी कामं आहेत, आणि एकातून दुसऱ्यात जायचं त्याला आपलं आपण जमत नाही. सुरू करणं कठीण, सुरू झालेलं थांबवणं त्याहून कठीण. जुनी आठवण पक्की आहे गं त्याची. हात चालू असताना पुढचं डोक्यात धरून ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे तो अडतो. शेवटी आम्ही बाथरूमच्या दाराला आतून पाच फोटो लावले, वरून खाली. तो फोटोवर ओलं बोट ठेवतो, ते काम करतो, मग बोट खालच्या फोटोवर. आता बारा मिनिटांत बाहेर येतो. सांगितलेल्या चार गोष्टी त्याला पेलत नाहीत, दाखवलेल्या पेलतात.

कारण तुला अर्धंच माहीत आहे. त्याला फ्रॅजाइल एक्स आहे. घराण्यातून येणाऱ्या बौद्धिक अक्षमतेचं हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण, साधारण ४००० मुलग्यांत एकाला असतं. त्याचं जनुक १९९१ मध्येच सापडलं होतं, पण अनिकेत नऊ वर्षांचा होईपर्यंत आम्हाला कुणी रक्त तपासायला सांगितलं नाही. एका डॉक्टरांनी "काही मुलं उशिरा बोलतात" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांनी मी नोकरी करते का ते विचारलं.

एक्स गुणसूत्रावरच्या त्या जनुकात सीजीजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांमध्ये ४५ पेक्षा कमी वेळा. ५५ ते २०० असली तर माणूस वाहक. २०० च्या वर गेली की जनुक बंद पडतं, आणि मेंदूतल्या पेशींची जोडणी नीट व्हायला लागणारं प्रथिन बनत नाही. आईकडून मुलाकडे जाताना हा आकडा वाढू शकतो. माझा ८८ निघाला. अनिकेतचा २०० च्या पुढे. माझी बहीण सुषमाही वाहक निघाली. तिची पाळी छत्तिसाव्या वर्षी गेली तेव्हा आपण किती काय काय बोललो होतो! वाहक बायकांत ते होऊ शकतं. आणि बाबांचे हात आठवतात? तू यायचीस तेव्हा बशीत कप वाजायचा. चालताना भिंत धरायचे. आपण म्हणालो, वय झालं. वाहक पुरुषांना पन्नाशीनंतर असा कंप येऊ शकतो, तोल जाऊ शकतो, हे डॉक्टरांनाच २००१ च्या सुमारास कळलं. वाहक बाप हे आपल्या प्रत्येक मुलीला देतो, मुलाला देत नाही. दादा सुटला, आम्ही दोघी नाही. बाबांची तपासणी राहूनच गेली.

तान्ह्या पोळ्याचा तो दिवस मी कुणालाच सांगितलेला नाही. अनिकेत चौदा वर्षांचा होता. मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीमुळे ऑटोवाल्याने नेहमीची गल्ली सोडून दुसरी घेतली, बस, एवढंच झालं. हा ऑटोतून उतरून रस्त्यातच बसला. "तिकडून नाही, तिकडून नाही," एकच वाक्य. ढोल वाजत होते, तो मनगट चावत होता. कुणीतरी म्हणालं, "लाडावून ठेवलंय, एक ठेवून द्या." आणि मी दिली, मंगल. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, फक्त आवाज चढला. ठरलेलं बदललं की त्याच्या डोक्यातला सगळा रस्ताच पुसला जातो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

म्हणून तुझ्याकडे मागते. त्याला एका वेळी एकच काम दे. पहिले काही दिवस फक्त वजन: काट्यावर २०० ग्रॅम आलं की पाकीट डाव्या टोपलीत. "भर, लेबल लाव आणि खोक्यात ठेव" असं एका दमात सांगितलंस तर त्यातलं एखादंच होईल. प्रत्येक कामाचा फोटो मला पाठव, मी लॅमिनेट करून देते. सीलिंगचं मशीन सध्या नको, घाईत त्याचा हात थांबत नाही. काम थांबवायचं असलं तर "बस कर" म्हणू नकोस. पाच रिकामी पाकिटं समोर ठेव आणि "ही झाली की चहा" म्हण. ती संपली की आपोआप उठेल. बोलताना बाजूला बस, डोळ्यांत बघायला लावू नकोस, त्याची छाती धडधडायला लागते. तुझ्याकडच्या बायकांनाही हे सांगशील नं? आणि हात झटकायला लागला किंवा मनगट तोंडात गेलं तर कुणी काही बोलू नका, मागच्या अंगणात दहा मिनिटं बसू द्या.

सोमवारी आम्ही मेट्रोने येतो, चितार ओळीला उतरून. साडेदहाला पोचू. मी त्याला साडेदहा सांगितलंय, तर काहीही झालं तरी दार साडेदहाला उघड.

आल्या आल्या तो विचारेल, "मंगलमावशी, आज सोमवार नं?" मग परत विचारेल, आणि परत. हो म्हण. दर वेळी तेवढ्याच हळू आवाजात.

तुझी,
शोभा