कॅराव्हॅनच्या टाक्या कुठे रिकाम्या करायच्या?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्यांत तोरणमाळ, पाटणादेवी, पाल, मनुदेवी, उनपदेव या बाजूला आता राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या दिसू लागल्या आहेत. कुणी टेम्पो ट्रॅव्हलर आतून बदलून घेतो, कुणी पुण्या-मुंबईहून कॅराव्हॅन भाड्याने आणतो. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. खानदेशात पाहण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्यातलं बरंचसं सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांत, जिथे मुक्कामाची धड सोय नाही. आम्ही घरचे लोकही अशाच गाडीने फिरतो. मात्र या सगळ्या कौतुकात एक विषय कुणी काढत नाही, म्हणून हे पत्र. त्या गाडीतलं घाण पाणी जातं कुठे?

ज्यांनी अशी गाडी आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीला तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी सांडपाण्याची, म्हणजे बेसिन आणि अंघोळीच्या पाण्याची. तिसरी संडासाची. लहान गाड्यांत या तिसरीच्या जागी बाहेर ओढून काढता येणारा साधारण वीस लिटरचा डबा असतो. दोन माणसांना तो दोन-तीन दिवस पुरतो, आणि आपण कागदाऐवजी पाणी वापरतो म्हणून आपल्याकडे जरा लवकरच भरतो. हिशेब सरळ आहे. शंभर लिटर पाणी गाडीत भरलं, तर पिण्यात आणि चहात गेलं ते सोडून जवळजवळ सगळं खालच्या दोन टाक्यांत उतरतं. भरायला नळ कुठेही मिळतो. आपल्याकडचा शेतकरी विहिरीवरून पाइप लावून देतो आणि वर चहाला बोलावतो. रिकामी करायला मात्र जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत नेमून दिलेली एकही जागा मला आजवर सापडलेली नाही.

एका रिसॉर्टवर विचारलं तर तिथल्या माणसाने मागच्या नाल्याकडे बोट दाखवलं. "सगळे तिथेच सोडतात, पावसाळ्यात वाहून जातं," म्हणाला. वाहून जातं ते शेवटी तापीत. भुसावळ, अमळनेर, धुळे या शहरांच्या नळांना तापीचं पाणी येतं. पुढे सारंगखेडा आणि प्रकाशाच्या बॅरेजमध्ये हीच नदी अडवलेली आहे, आणि तिथे तिला फारसा वेग नसतो. जे वरून आलं ते तिथे थांबतं.

सातपुड्याच्या पायथ्याची गोष्ट तर याहून गंभीर आहे. चोपडा, यावल, रावेर तालुक्यांत डोंगर संपतो तिथे दगडगोटे आणि जाड वाळूचा एक लांबच लांब पट्टा आहे. भूजलाचे जाणकार त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरून आलेलं पाणी या पट्ट्यात झपाट्याने जमिनीत उतरतं आणि खालच्या केळीबागांच्या विहिरींना, कूपनलिकांना मिळतं. गेल्या काही दशकांत उपसा इतका वाढला की या भागातली पाण्याची पातळी खोल खोल गेली. तापी खोऱ्यातल्या महापुनर्भरण योजनेची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे ती त्यामुळेच. जिथून पाणी जमिनीत जावं म्हणून आपण धडपडतो, नेमक्या त्याच जागी झाडाखाली गाडी लावून कॉक सोडला तर तो मैला गाळला जाण्याआधीच कुणाच्या तरी विहिरीच्या वाटेला लागतो. अडावदकडच्या एका शेतकऱ्याने बांधाशेजारी आमची गाडी पाहिली आणि खाली वाकून पाइपांकडे बघत म्हणाला, "भाऊ, हाई पानी आमनी हिरमा जास." (हे पाणी आमच्या विहिरीत जातं.) मी त्याला दोन्ही बंद कॉक दाखवले, त्यांवरची टोपणं हाताने फिरवून दाखवली. मगच त्याने मोटार चालू केली. त्याची काळजी शंभर टक्के बरोबर होती.

तापीकाठच्या काळ्या मातीत वेगळी अडचण. पावसाळ्यात ती चिकट होते आणि पाणी आत घेतच नाही. ओतलेलं तसंच वर साचून राहतं, त्यात डास होतात, गुरं तुडवत जातात. उन्हाळ्यात तिला हात-हातभर भेगा पडतात आणि ओतलेलं सरळ भेगेत शिरतं. "जमिनीत जिरून जातं" असं जे सहज म्हटलं जातं, ते आपल्या दोन्ही प्रकारच्या जमिनींना लागू होत नाही.

काही जण म्हणतील, संडासाचं ठीक आहे, पण भांड्यांचं पाणी झाडाला टाकलं तर काय बिघडलं? घरी परसात अळूला, केळीला आपण तेच घालतो. घरचं एका घराचं असतं, आणि रोज थोडं थोडं असतं. इथे एकाच झऱ्याकाठी दर रविवारी निरनिराळ्या गाड्या येऊन साबण, तेल, उष्टं ओतणार. तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी किंवा पाटणादेवीच्या ओढ्यात हे चालणार नाही. पाटणादेवी तर गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा भाग आहे. नुसते हात-तोंड धुवायचे असतील तरी झऱ्यापासून, ओढ्यापासून, विहिरीपासून किमान दोनशे फूट लांब जाऊन धुवावेत, आणि टाकीतलं पाणी टाकीतच ठेवावं.

आता गाडीवाल्यांशी दोन शब्द, कारण सगळा दोष प्रशासनावर ढकलून चालणार नाही. सांडपाण्याची टाकी संडासाच्या टाकीपेक्षा लवकर भरते आणि तिचा खरा शत्रू तेल आहे. शेवभाजीची तर्री आणि भरिताचं तेल बेसिनमधून गेलं की पाइपाच्या आत थर धरतं, थंडीत गोठतं, आणि त्यावर भाताची शितं अडकतात. आम्ही ताटं-पातेली आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घेतो आणि मगच धुतो. शक्य तिथे केळीच्या पानावरच जेवतो. आपल्या भागात पान मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. धुवायचं पाणी वाचतं आणि उष्टं पान गुरांना जातं. बेसिनच्या तोंडाला बारीक जाळी हवीच.

संडासाच्या टाकीचा कॉक मुक्कामी उघडा ठेवायचा नाही, मागे शोषखड्ड्याची सोय असली तरीसुद्धा. उघडा राहिला तर पातळ निघून जातं आणि घट्ट तेवढं तळाशी साचत जाऊन वाळतं. मग ते कशानेही हलत नाही आणि टाकी किती भरली हे दाखवणारे दिवेही खोटं सांगू लागतात. दोन तृतीयांश भरली की एकदम सोडावी, म्हणजे जोराने सगळं निघतं. आधी संडासाची, नंतर सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने तीच नळी धुतली जाते. रिकामी झाली की दोन-तीन बादल्या पाणी घालून ठेवावं, कोरडी सोडू नये. हातमोजे घालावेत आणि पिण्याच्या पाण्याची नळी या कामाच्या नळीपासून वेगळ्या कप्प्यात ठेवावी. हे शेवटचं मी हात जोडून सांगतो, कारण दोन्ही नळ्या एकाच पिशवीत कोंबलेल्या मी पाहिल्या आहेत.

वास येतो म्हणून लोक टाकीत फिनेल ओततात, ॲसिड ओततात. त्याने मैला कुजवणारे जिवाणूच मरतात, आणि पुढे ती टाकी ज्या सेप्टिक टँकमध्ये रिकामी होईल तिथलेही मरतात. जिवाणूंवर चालणारी औषधं मिळतात, ती वापरावीत. आपल्या उन्हाळ्यात, जळगाव-भुसावळला पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा, टाकी खालून डांबराने आणि वरून उन्हाने तापते, औषधाचा परिणाम लवकर ओसरतो. अशा दिवसांत टाकी जास्त दिवस भरलेली ठेवूच नये. बरेचदा वास टाकीचा नसतोच: गाडी मे महिन्यात आठवडाभर उभी राहिली की बेसिनखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी आटून जातं आणि टाकीतली हवा थेट आत येते. तांब्याभर पाणी ओतलं की बंद. छपरावरचा पंखा चालू ठेवून फ्लश करू नये, तो टाकीतला वायू गाडीत ओढतो.

आणखी एक, वजनाचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तोरणमाळचा घाट चढताना तळाशी शंभर किलो घाण पाणी हिंदकळत असेल तर वळणावर गाडी आपली राहत नाही. घाटाच्या आधी टाक्या रिकाम्या असाव्यात, हे सगळ्या चालकांना कळतं. मग घाटाच्या वाटेवरच्या शहाद्यात त्या रिकाम्या कुठे करायच्या?

यासाठी कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही. मध्याकडे उतार दिलेला सिमेंटचा चौथरा, मधोमध झाकण असलेलं चार इंची तोंड, ते जवळच्या सेप्टिक टँकला किंवा नगरपालिकेच्या मलनिस्सारण केंद्राला जोडलेलं, शेजारी चौथरा धुवायला एक नळ आणि त्यावर ठळक अक्षरांत "हे पाणी पिण्याचं नाही". बस. एसटीच्या आगारांत, बसस्थानकांच्या शौचालयांत, महामार्गालगतच्या शौचालयांत टाकी आधीच आहे, रस्ता आहे, पाणी आहे. वापराचे पैसे घ्यावेत, आम्ही आनंदाने देऊ. टाकी मोठी आणि दोन कप्प्यांची असावी, आणि ती ठरावीक काळाने यंत्राच्या गाडीनेच उपसली जावी. सिन्नर आणि वाई या गावांनी वेळापत्रकाप्रमाणे मैला उपसण्याची पद्धत बसवून दाखवली आहे. सिन्नर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. या टाकीत कुणाही माणसाला उतरवलं जाता कामा नये. 2013 च्या कायद्याने त्यावर बंदी आहे, आणि आतल्या वायूने माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण अजूनही वाचतो.

हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी भुसावळकरांना विचारावं. रेल्वेच्या डब्यांतली घाण थेट रुळांवर पडायची आणि स्टेशनात उभं राहणं नकोसं व्हायचं, हे आमच्या पिढीने भोगलं आहे. रेल्वेने डीआरडीओच्या मदतीने जिवाणूंवर चालणारी जैव-शौचालयं डब्यांना बसवली. त्यांत प्रवासी बाटल्या टाकतात, ती तुंबतात, तक्रारी आहेतच; तरी रूळ पूर्वीसारखे राहिले नाहीत. एवढ्या अवाढव्य यंत्रणेला जे जमलं ते तालुक्यात एका चौथऱ्यापुरतं जमायलाच हवं.

दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो, महाशिवरात्रीला तोरणमाळला यात्रा असते. मुक्कामाचे तंबू आणि फिरती शौचालयं उभारणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारला पाहिजे, आणि परवानगी देतानाच: मैला कोणती गाडी उचलणार आणि कुठे नेऊन टाकणार, हे अर्जात लेखी हवं. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा 1974 पासून आहे. नाल्यात मैला सोडणाऱ्याला, मग तो यात्रेचा ठेकेदार असो की आमच्यासारखा गाडीवाला, तो लागू करावा.

माझी पर्यटन विभागाला आणि तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांना विनंती आहे की या हंगामाआधी निदान शहादा, चोपडा आणि चाळीसगाव इथे एकेक चौथरा करून पाहावा. पहिल्या दोघांतून सातपुड्याकडे वाट जाते, तिसऱ्यातून पाटणादेवीकडे. तोंडाचा व्यास, उतार, नळीचा जोड नीट बसतो की नाही हे तपासायला गाडी लागेल. कळवलंत तर आमची गाडी, नळ्या आणि सगळे जोड घेऊन मी त्या दिवशी हजर राहीन.

आपला,
एक वाचक
चोपडा, जि. जळगाव