गावं किती ते राहू द्या, वेळ किती ते छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सहल कंपनीबरोबर जावं की आपलं आपण, यावरून आपल्या वाचकपत्रांत सध्या चांगलीच जुंपली आहे. कंपनीबरोबर जाणाऱ्यांची कुणी ‘मेंढरं’ म्हणून संभावना केली, तर आपलं आपण फिरणाऱ्यांना कुणी चिक्कू ठरवलं. मी दोन्ही प्रकारे फिरलो आहे. माझी तक्रार एवढीच, की ‘सांस्कृतिक सहल’ म्हणून जे विकलं जातं त्यात गावं मोजून दिली जातात आणि तास कुणीच मोजत नाही.

तामिळनाडूचंच घ्या, कारण डिसेंबर-जानेवारीत निम्मं पुणं तिकडेच असतं. जाहिरातीत महाबलीपुरम, कांचीपुरम, पुदुच्चेरी, चिदंबरम, तंजावर, मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी अशी आगगाडीच्या डब्यांसारखी नावांची रांग असते, आणि हे सगळं आठवड्याभरात. आता तिकडची बहुतेक मोठी देवळं दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतात ती चारनंतरच उघडतात. कंपनीची बस मात्र नाश्ता, बॅगा, हजेरी उरकून साडेआठला हलते. तीन तासांचं अंतर कापून ती पोचते तेव्हा देवळात बंद करायची तयारी सुरू झालेली असते. मग जेवण, मग चेक-इन, मग ‘चार वाजता लॉबीत भेटू’, आणि सहाला अंधार. दिवसातला देवळं बघण्याचा सगळ्यात चांगला वेळ, सकाळी सहा ते अकरा, बसमध्ये भेंड्या खेळण्यात जातो.

तंजावरला आम्ही साडेअकराला पोचलो. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेलं बृहदीश्वराचं देऊळ, साठ मीटरच्या आसपास उंच ग्रॅनाइटचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर. गाइडने घोळक्याला उत्तरेच्या अंगाला नेलं आणि या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही, हा चमत्कार रंगवून सांगितला. चपला बाहेर काढलेल्या, फरशी तापलेली, त्यामुळे सगळी मंडळी सावली धरून ऐकत होती. ती सावली शिखराचीच होती. एका आजींनी तसं विचारलंही. गाइड म्हणाला, “मॅडम, ती दुसरी सावली.”

याच आवारात भिंतीवर देवनागरीत कोरलेला प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास त्यात कोरवून घेतला. घरापासून हजाराहून अधिक किलोमीटरवर दगडावर आपली भाषा, ओळीमागून ओळ, आणि मराठी कंपनीच्या, मराठी प्रवाशांनी भरलेल्या बसला ती दाखवावी असं कुणाला सुचलं नाही. मला लेख ठाऊक होता म्हणून मी घोळक्यातून सटकलो. जुनं वळण, सलग अक्षरं, शब्द कुठे तुटतो ते चाचपडत एखादं वाक्य लावतोय तोवर टूर मॅनेजरांचा फोन: “काका, सगळे बसमध्ये बसलेत, तुमच्यासाठी थांबलोय.” शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्यापासून १८५५ पर्यंत तिथे मराठ्यांची गादी होती, सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागद आहेत. त्या ग्रंथालयाचं नाव आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘ऑप्शनल’मध्येसुद्धा नव्हतं.

कांचीपुरमला कैलासनाथ मंदिर बसच्या खिडकीतून डावीकडे दिसलं. साडीच्या दुकानात मात्र चहापाण्यासकट भरपूर वेळ मिळाला. (साड्या उत्तम होत्या, आमच्या घरून त्याबद्दल तक्रार नाही.)

हे वाचून ‘बघा, म्हणूनच आपलं आपण जा’ म्हणणाऱ्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. त्या कैलासनाथाच्या एका खांबावर कन्नड लेख आहे. बदामीच्या दुसऱ्या विक्रमादित्य चालुक्याने कांची जिंकली, पण देवळाची संपत्ती लुटली नाही, देवालाच परत केली, असं त्यात नोंदवलेलं आहे. पुढे त्याच्या राणीने, लोकमहादेवीने, त्या विजयाप्रीत्यर्थ कर्नाटकात पट्टदकलला विरूपाक्षाचं देऊळ बांधलं आणि त्यावर कांचीच्या या देवळाची छाप आहे, असं अभ्यासक सांगतात. पट्टदकल आपल्याला एका रात्रीच्या प्रवासावर, बरेच पुणेकर जाऊन आलेले. पण हा धागा मोबाइल हातात धरून एकट्याने हिंडणाऱ्याला खांबापुढे उभं राहूनही सापडत नाही. जाणता माणूस बरोबर लागतोच. तो सारखा घड्याळ बघणारा नसला की झालं.

शिवाय आपलं आपण जाणं सगळ्यांना जमणारं नाही, हे मान्य करायला हवं. दादा गेल्यानंतर माझ्या वहिनी चार वर्षं घराबाहेर पडल्या नव्हत्या. आज त्या दरवर्षी महिलांच्या सहलीला जातात, तिथल्या मैत्रिणींची भिशी आहे, आणि कंपनी नसती तर हे झालं नसतं. गुडघे दुखणाऱ्याला बॅग उचलणारा कुणी असतो, रात्री ताप आला तर डॉक्टर शोधणारा कुणी असतो. उलट आपलं आपण निघायचं तर रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं आणि ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. तामिळनाडूच्या आडगावच्या बसवरची पाटी तमिळमध्येच, तीही लागत नाही. वहिनींना ‘मेंढरू’ म्हणणाऱ्या पत्रलेखकांनी एकदा कुंभकोणमच्या स्टँडवर उभं राहून योग्य बस पकडून दाखवावी.

कुंभकोणमचं नाव निघालंच आहे तर सांगतो. पुढच्या खेपेला आम्ही तिघं-चौघं तिथेच मुक्काम ठोकून राहिलो. चेन्नईहून थेट गाडी आहे. दारासुरम रिक्षाने हाकेच्या अंतरावर, तंजावर चाळीस किलोमीटर, गंगैकोंडचोळपुरम साधारण तेवढंच, चिदंबरमला सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत. रोज पहाटे निघायचं, अकरापर्यंत बघायचं, केळीच्या पानावर जेवून झोपायचं, चारला पुन्हा बाहेर. दारासुरमच्या ऐरावतेश्वरासाठी पर्यटन खात्याचा परवाना असलेला गाइड घेतला. देवळाच्या भिंतीवर तळाशी शैव संतांच्या कथांचे वीतभर उंचीचे शिल्पपट आहेत. त्या गृहस्थांनी एकेका पटापुढे उकिडवं बसून, बोट न लावता, कोण संत आणि काय प्रसंग ते सांगितलं. कंपनीच्या यादीत दारासुरम नसतंच, कारण पुण्यात ते नाव कुणी ऐकलेलं नाही आणि न ऐकलेलं नाव जाहिरातीत शोभत नाही.

म्हणून कंपन्यांना विनंती, की जाहिरातीत गावांची संख्या ठळक छापता तशी प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष आत किती वेळ मिळणार, कुठे नुसताच ‘फोटो स्टॉप’ आहे आणि स्थानिक परवानाधारक गाइड कुठे मिळणार, हेही छापा. दोन गावं कमी करा, पैसे तेच घ्या. पुष्कळ लोक येतील. मी एका कंपनीच्या ऑफिसात हे बोललो तेव्हा काउंटरवरची मुलगी मनापासून म्हणाली, “काका, असं कुणी विचारतच नाही. एसी आहे का आणि जेवण मराठी आहे का, एवढंच विचारतात.” हिवाळी सहलींची बुकिंगं आता सुरू होतील. पैसे भरण्याआधी वाचकांनी निदान तंजावरला बस किती वाजता पोचते, तेवढं तरी विचारावं.

— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे ३०