चावऱ्या पिल्लाची झोप मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टेरियर जातीच्या कुत्र्याचं पिल्लू 'चावरं निघालं' म्हणून परत करून आल्याचं एका वाचकाचं पत्र आपल्या रविवारच्या अंकात वाचलं. रोज दोन तास पळवूनही ते म्हणे शांत होत नव्हतं. पळवल्यामुळेच होत नसावं, असा माझा संशय आहे.

आमची चिंगीही टेरियरच, जॅक रसेल जातीची. घरी आली तेव्हा ९ आठवड्यांची होती. पंधरवड्यात माझ्या एकाही पायजम्याचा काठ धड राहिला नाही. चालू लागलो की घोटा, बसलो की बोटं. नातवाने तर पलंगावरून खाली उतरणंच सोडलं. येणारा-जाणारा सांगे, नाकावर टिचकी मारा. एकदा मारली. ती आधी दुप्पट जोराने अंगावर आली, आणि पुढचे दोन दिवस मी हात नुसता पुढे केला तरी मान मागे घ्यायची. माझी मलाच लाज वाटली.

जन्मभर हिशेब लिहिण्यात गेला, म्हणून शेवटी वहीच काढली. किती वाजता चावली, कुठे, त्याआधी काय चाललं होतं. चौथ्या दिवशीचं पान बघितलं तर २१ नोंदींपैकी १६ संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळेतल्या! दुपारची झोप मात्र जेमतेम तासाभराची. आणि आम्ही 'अंगात रग आहे, जिरवू या' म्हणत नेमका त्याच वेळी चेंडू फेकत बसायचो. पशुवैद्यांना वही दाखवली. ते म्हणाले, एवढंसं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपायला हवं. झोप अपुरी झालेलं तान्हं मूल किरकिरतं, हे चावतं.

मग तासभर जाग, की लगेच पिंजऱ्यात. वर जुनी चादर, घरात आवाज बंद. पहिले दोन दिवस कुंई-कुंई केलं, तिसऱ्या दिवशी आपणहून आत जाऊन पडली. चेंडूऐवजी जुना टॉवेल गुंडाळून त्याच्या घड्यांत तिच्या खाण्याचे दाणे दडवू लागलो. ते हुंगून काढायला दहा मिनिटं लागत आणि मग ती पेंगुळलेली असे. हिरड्या शिवशिवत असाव्यात म्हणून ओल्या फडक्याला पीळ देऊन, बर्फात गोठवून चघळायला दिलं. पिल्लांचे २८ दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात. त्यातला एक मला सतरंजीवर सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा. एवढ्याशा ऐवजाने घर वेठीला धरलं होतं!

चावल्यावर आपण कळवळून ओरडायचं, असंही सांगतात. काही पिल्लं थांबतही असतील. पण टेरियरच्या पिढ्या उंदीर-घुशींच्या मागे लागण्यासाठीच जोपासलेल्या. चीं-चीं करत पळणारी वस्तू त्यांना चेव आणते. आमच्याकडे उपयोगी पडलं ते गप्प उठून दाराबाहेर जाणं. अर्धा मिनिट, पुरे. फक्त ते घरातल्या सगळ्यांनी केलं पाहिजे. आमचे चिरंजीव तिच्याशी हाताने कुस्ती खेळत राहिले आणि तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली.

एक मात्र हसण्यावारी नेऊ नये. दात लागून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवावी आणि डॉक्टरांकडे जावं, पिल्लू घरचं असलं तरी.

चिंगी आता ८ महिन्यांची आहे. वहीतली शेवटची नोंद गेल्या मंगळवारची : 'सायं. ७.१०, डावी चप्पल.' चप्पल हिशेबात धरायची की नाही, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस